गंजून हबला चिकटलेली ब्रेक डिस्क: हातोडा उचलण्याआधी

गणपतीच्या आसपास दरवर्षी मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. चाक काढलं, कॅलिपर काढला, नवी डिस्क आणून ठेवली, पण जुनी डिस्क जागची हलत नाही. (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, कॅलिपर म्हणजे तिच्यावर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, आणि हब म्हणजे मधला फिरणारा भाग, ज्यावर डिस्क आणि चाक बसतं.) मी देवगडजवळ राहतो, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. स्वतःच्या, मेव्हण्याच्या आणि वाडीतल्या गाड्यांच्या डिस्का काढता काढता एक गोष्ट पक्की समजली: पुष्कळ लोक चौथ्या पायरीपासून, म्हणजे थेट हातोड्यापासून, सुरुवात करतात. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

लक्षणं

आधी डिस्क काढायची गरज आहे का ते बघा. गाडी दोन दिवस पावसात उभी राहिली की डिस्कवर नारिंगी थर येतो आणि पहिल्यांदा गाडी हलवताना "कट" असा आवाज येतो. हा वरवरचा गंज आहे. आठ-दहा वेळा हलका ब्रेक लावला की पॅडच तो खरवडून टाकतात. त्यासाठी काहीही उघडू नका.

ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल, घासल्याचा आवाज जातच नसेल, डिस्कच्या कडेला नखाला लागेल असा कंगोरा तयार झाला असेल किंवा पृष्ठभागावर खड्डे पडले असतील, तर मात्र डिस्क काढून बघावी लागते. बहुतेक डिस्कवर कमीत कमी किती जाडी चालेल ते कोरलेलं असतं. त्याच्या खाली गेलेली डिस्क भंगारातच जाते, ती घासून पुन्हा वापरायची नाही.

आता "चिकटली आहे" हे कसं ओळखायचं? चाक, कॅलिपर आणि कॅलिपरचं ब्रॅकेट निघाल्यावर मोकळी डिस्क हाताने धरली की थोडी खुळखुळते. चिकटलेली डिस्क हबबरोबर एकजीव फिरते. मधल्या गोल भोकाभोवती काळपट-तपकिरी कडं दिसतं आणि स्टडच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या आट्यांच्या दांड्यांच्या) मुळाशी गंजाची भुकटी साचलेली असते. लहान हातोडीने हलकं टिचकवलं तर मोकळ्या डिस्कसारखा खणखणीत आवाज न येता बसका येतो.

चिकटते ती या मधल्या भोकापाशी. हबच्या मध्यावर जो गोल उंचवटा असतो त्यावर डिस्क अगदी बेताच्या फटीने बसते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. फट भरली की तो गंजच पाचरीसारखा दाबून बसतो. आपल्या किनाऱ्यावर त्यात मिठाची भर असते: मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि गंजण्याची क्रिया भराभर होते. मुंबईकर मंडळींची जी गाडी जूनमध्ये गावच्या घरी झाकून ठेवलेली असते आणि थेट गणपतीत बाहेर निघते, तिची डिस्क सर्वांत घट्ट बसलेली असते.

एक निर्णय आधी घ्या

ही डिस्क परत बसवायची आहे की टाकायची आहे? पुढचं सगळं यावर ठरतं. परत बसवायची असेल तर घासणाऱ्या पृष्ठभागाला हातोडा अजिबात लागता कामा नये. टाकायचीच असेल तर थोडी मोकळीक मिळते. पण तेव्हाही हब, बेअरिंग आणि स्टड तेच राहणार आहेत, आणि ते डिस्कपेक्षा महाग पडतात. माझ्या पहिल्या वेळी मी टाकायची डिस्क म्हणून मोठा घण घेतला आणि आडवेतिडवे घाव घातले. डिस्क निघाली. दोन महिन्यांनी त्याच चाकातून साठच्या वेगाला घुमल्यासारखा आवाज यायला लागला आणि बेअरिंग बदलावं लागलं. घाव बसला की बेअरिंगच्या गोळ्या आपल्या कड्यांवर बारीक खळगे पाडतात. ते तेव्हा दिसत नाहीत, नंतर ऐकू येतात.

गाडी उचलताना

हे मी थोडक्यात उरकणार नाही, कारण आमच्याकडे एक वाईट सवय आहे. जॅक लावून गाडी उचलतात आणि खाली चिरा सारतात. जांभा दगड वरून टणक दिसतो, पण आतून भोकाभोकांचा असतो, आणि एका बिंदूवर भार आला की तो अचानक फुटतो. गाडी चिऱ्यावर ठेवून तिच्यापाशी हातोडा मारणं म्हणजे पाय पणाला लावणं. लोखंडी स्टँड, म्हणजे गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात ती, विकत घ्या किंवा मागून आणा. सारवलेल्या खळ्यात जॅक रुततो, म्हणून काँक्रीट किंवा फरशी असलेली जागा निवडा. विरुद्ध बाजूच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुढचं काम असेल तर हँडब्रेक ओढा. मागची डिस्क किंवा ड्रम काढायचा असेल तर मात्र हँडब्रेक सोडा. तो ओढलेला राहिला म्हणून ड्रम निघत नाही, आणि माणूस गंजाला दोष देत बसतो.

डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क हवाच. गंजाची खपली उडून थेट डोळ्यात जाते. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पहिली तपासणी: खरंच सगळे बोल्ट निघालेत का?

फुकटची तपासणी, आणि सर्वांत जास्त वेळा हीच चुकते. कॅलिपर निघाला तरी त्याचं ब्रॅकेट डिस्कला वेढून बसलेलं असतं. ते मागच्या बाजूने दोन मोठ्या बोल्टांनी धरलेलं असतं आणि ते बोल्ट चांगलेच आवळलेले असतात. गोटी पाना नीट बसवून त्यावर लांब पाइप घाला, म्हणजे झटका न देता जोर लावता येतो. काढलेला कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका. नळी आतून तडकते आणि बाहेरून कळत नाही. सुंभाने किंवा तारेने तो स्प्रिंगला बांधून ठेवा. आणि कॅलिपर बाहेर असताना घरातल्या कोणालाही ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवू देऊ नका, पिस्टन बाहेर येतो.

आता डिस्कच्या तोंडावर बघा. होंडा आणि ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत तिथे क्रॉस डोक्याचे एक-दोन छोटे स्क्रू असतात. गंजाखाली ते दिसतसुद्धा नाहीत. वायर ब्रशने घासून बघा. मी स्वतः एकदा अर्धा तास हातोडी चालवली आणि नंतर स्क्रू दिसला.

हे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने काढायला गेलात की खाच जाते. स्क्रूच्या डोक्यावर मापाचं बिट ठेवून आधी हातोडीचे चार-पाच ठोके द्या, त्याने आट्यांमधला गंज तडकतो. मग हातोडी मारून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. हे साधं हत्यार आहे, विजेचं नाही, आणि किनाऱ्यावर गाडी असेल तर पेटीत असायलाच हवं. खाच गेलीच तर स्क्रूचं फक्त डोकं ड्रिलने उडवा. डिस्क निघाल्यावर उरलेला तुकडा बाहेर राहतो, तो ग्रिप पकडीने फिरवून काढता येतो. या स्क्रूचं काम कारखान्यात जोडणी करताना डिस्क जागेवर धरण्याचं असतं. गाडी चालताना डिस्कला दाबून धरतात ते चाकाचे नट. म्हणून तुकडा निघाला नाही तर घाबरायचं कारण नाही, पण आटे चांगले असतील तर मी नवा स्क्रू लावतोच.

काही जुन्या गाड्यांत डिस्क हबला मागून बोल्टने जोडलेली असते आणि ती हबसकटच बाहेर येते. पुढून कितीही मारलं तरी ती निघणार नाही. आपली गाडी तशी आहे का ते मॅन्युअलमध्ये किंवा ओळखीच्या मेकॅनिकला विचारून आधी खात्री करा. तशी असेल तर घरी करायचं काम इथेच संपलं.

दुसरी: गंज सोडवणारं तेल, आणि रात्रभर वाट

डब्ल्यूडी-४० चा स्प्रे घरोघरी असतो, आणि नावातच (डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट) सांगितलंय की तो मुळात पाणी हटवण्यासाठी बनवला होता. चालतं, पण जाम सांध्यासाठी पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून मिळणारे स्प्रे जास्त आत शिरतात. आमच्याकडे जुनी माणसं डिझेल टाकायची. तेही काम करतं, फक्त वेळ जास्त घेतं.

कुठे मारायचं हे महत्त्वाचं. मधल्या गोल कड्याभोवती, प्रत्येक स्टडच्या मुळाशी आणि डिस्कच्या तोंडावर दोन आट्यांची भोकं असतील तर त्यांत. घासणाऱ्या पृष्ठभागावर शिंपडून काही उपयोग नाही. मारल्यावर लहान हातोडीने भोवती टिचक्या द्या, त्या कंपनाने तेल फटीत ओढलं जातं. मग तासाभराने पुन्हा मारा, आणि रात्रभर सोडा. घाई झालेले लोक पाच मिनिटांत घण उचलतात. संध्याकाळी तेल मारून सकाळी काम करा, एवढ्या एका बदलाने माझं निम्मं काम हलकं झालं आहे.

तिसरी: दोन बोल्टांची युक्ती

संपूर्ण लेखातलं एकच लक्षात राहणार असेल तर हे राहू दे. मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत, आणि इतरही अनेकांत, डिस्कच्या तोंडावर समोरासमोर दोन आट्यांची भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. ती दुसऱ्या कशासाठीही नाहीत, डिस्क ओढून काढण्यासाठीच आहेत. त्यांत ८ मिमीचे, १.२५ पिचचे (म्हणजे दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर असलेले) बोल्ट बसतात. पूर्ण लांबीला आटे असलेले, ४० ते ५० मिमी लांब आणि डोक्यावर ८.८ कोरलेले दोन बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून आणा. साधे मऊ बोल्ट आणलेत तर ते भोकातच तुटतात आणि मग एका अडचणीच्या दोन होतात.

भोकातला गंज आधी टोकदार तारेने आणि स्प्रेने साफ करा. बोल्ट हाताने चार-पाच आटे आत गेला पाहिजे. हाताने जात नसेल तर तो तिरका बसतोय, पान्याने रेटू नका. दोन्ही बोल्ट मागच्या हबला टेकले की पाव फेरा एक, पाव फेरा दुसरा, असं आळीपाळीने आवळा. एकच बाजू आवळत गेलात तर डिस्क तिरकी होऊन मधल्या कड्यावर आणखी घट्ट अडकते. दोन्ही ताणले गेले की थांबा आणि डिस्कच्या टोपीवर, म्हणजे स्टडच्या मधल्या सपाट भागावर, मध्यम हातोडीने फिरवत फिरवत ठोके द्या. परत पाव-पाव फेरा. बहुतेक वेळा "टक्" असा आवाज येतो आणि एका बाजूने केसभर फट दिसते. तो आवाज आला की काम झालं.

डिस्क निघण्याआधी चाकाचे दोन नट स्टडवर अर्धवट लावून ठेवा. नाहीतर सुटलेली डिस्क थेट पायावर पडते, आणि चुकलेला ठोका स्टडच्या आट्यांवर बसतो.

बोल्ट फिरतोय पण डिस्क हलत नाही, आणि पाना अचानक हलका लागायला लागला, तर डिस्कमधले आटे जात आहेत. लगेच थांबा आणि पुढच्या पायरीवर जा.

चौथी: हातोडा

इथे कुठे हातोड्याची पाळी येते. एकदा मेव्हणा म्हणाला, "भावोजी, घण आणू का?" मी त्याला जे सांगितलं तेच इथे सांगतो: एक किलोच्या आसपासचा हातोडा पुरतो, जड घणाचा मार डिस्कपेक्षा बेअरिंगला बसतो.

परत वापरायची डिस्क असेल तर फक्त टोपीवर मारा आणि मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवा. डिस्क बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, असते. बीड वाकत नाही, तडकतं. टाकायची डिस्क असेल तर मागच्या बाजूने, बाहेरच्या कडेवर, एक ठोका मारून डिस्क थोडी फिरवा, पुन्हा एक, पुन्हा थोडी फिरवा. एकाच जागी दहा ठोके मारण्यापेक्षा दहा जागी एकेक मारलेला चांगला. मारताना मागच्या बाजूला एबीएसच्या (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर कुठे आहे ते बघून ठेवा, ती एका घावात तुटते.

मागून हातोडा फिरवायला जागा नसते, तेव्हा मी वापरतो ती एक पद्धत. कॅलिपरचं ब्रॅकेट जिथे बसतं त्या भोकातून एक लांब बोल्ट घाला, त्याला नट आणि वॉशर लावून असा बसवा की नट फिरवला की बोल्टचं टोक डिस्कच्या पाठीवर दाबेल. थोडा दाब द्या, डिस्क फिरवा, पुन्हा दाबा. टोक जिथे दाबतं तिथे खूण उमटते, त्यामुळे ही पद्धत टाकायच्या डिस्कसाठीच. पण हिच्यात बेअरिंगला झटका बसत नाही, फक्त संथ दाब मिळतो, म्हणून मला ती घणापेक्षा कितीतरी बरी वाटते.

पाचवी: पुलर

तीन पायांचा पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं हत्यार, गॅरेजमधून दिवसभरासाठी मागून मिळतो. पाय डिस्कच्या मागे अडकवायचे आणि मधला स्क्रू अॅक्सलच्या टोकावर टेकवायचा. अॅक्सलचा नट जागेवरच ठेवा, म्हणजे आटे दबत नाहीत. स्क्रू ताणून ठेवा, टोपीवर ठोके द्या, पाच मिनिटं तसंच सोडा, पुन्हा थोडं ताणा. पुलर ताणलेला असताना त्याच्या समोर तोंड आणू नका. एखादा पाय निसटला तर तो जोराने उडतो.

उष्णता: मी घरी करत नाही

गॅसच्या टॉर्चने डिस्कचा मधला भाग तापवून काढतात हे खरं आहे, आणि त्यात तथ्यही आहे. ६० मिमीचं भोक हबपेक्षा १०० अंशांनी जास्त तापवलं तर साधारण ०.०६ मिमीने मोठं होतं. कागदाच्या जाडीहूनही कमी, पण गंजाचा बांध तडकायला तेवढं पुरतं. अडचण अशी की उष्णता हबमध्येही उतरते: बेअरिंगचं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, त्याचं सील आणि एबीएसचा सेन्सर वितळतो. शिवाय रात्रभर मारलेलं तेल तिथेच असतं आणि ते पेट घेतं. आणि एक गोष्ट जिवाची आहे: काही ब्रेक क्लीनर स्प्रेमध्ये क्लोरिन असलेले द्राव असतात. ते तापलेल्या लोखंडावर पडले तर अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. तेल आणि क्लीनर मारलेल्या डिस्कला घरी आग लावू नका.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

वरच्या पाचही पायऱ्या करून, दोन रात्री तेल मुरवून डिस्क केसभरही हलली नसेल, तर पुढचं काम ग्राइंडरने टोपी कापून छिन्नीने फोडण्याचं असतं. ते हबला न लागता करायला सरावाचा हात लागतो. स्टड तुटला किंवा फिरायला लागला, ब्रॅकेटच्या बोल्टचं डोकं गोल झालं, रबरी नळीवर भेग दिसली, हाताने हब फिरवताना खरखर लागते, कुठूनही ब्रेक ऑइल गळतंय, यांपैकी काहीही दिसलं तरी थांबा. आणि काम झाल्यावर पेडल मऊ लागलं, म्हणजे खाली खाली जात असेल, तर ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टो करून न्या. इथून कोल्हापूरला जायचं तर करूळचा घाट आहे, आणि तो उतरताना ब्रेकवर शंका असलेली गाडी कोणी चालवू नये.

परत बसवताना

डिस्क चिकटण्याचं सर्वांत मोठं कारण मागच्या वेळची जोडणी असते. मेव्हण्याच्या गाडीची डिस्क त्याआधी एका गॅरेजमध्ये बदलली होती. काढली तेव्हा हबवर जुन्या गंजाचा थर तसाच होता, त्याच्यावरच नवी डिस्क चढवलेली. त्याची मूळ तक्रार होती ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरण्याची, आणि तिचं कारणही तोच थर होता. हबच्या कडेला ०.०५ मिमीची खपली राहिली तर डिस्क तेवढी तिरकी बसते, आणि बाहेरच्या कडेला तो तिरकेपणा जवळजवळ दुप्पट होतो. नवी डिस्क, नवे पॅड आणि तरी थरथर कायम, असं झालं की आधी हबचं तोंड बघा.

वायर ब्रश आणि एमरी पेपरने हबचं तोंड आणि मधला उंचवटा चकचकीत होईपर्यंत घासा. ओढायचे बोल्ट वापरले असतील तर ते टेकले होते तिथे उचललेली कड असते, ती कानसीने सपाट करा. मधल्या उंचवट्यावर अँटी-सीझचा (सांधा जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) किंवा कॉपर ग्रीसचा अगदी पातळ थर द्या, बोटाने पुसल्यासारखा. स्टडवर लावू नका, घासणाऱ्या पृष्ठभागाच्या आसपासही नको. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसून काढा. डिस्क आणि पॅड दोन्ही चाकांचे जोडीने बदला, नाहीतर ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

चाक लावताना नट चांदणीच्या आकारात, एकाआड एक आवळा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे आवळण्याच्या जोराने. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागतच नाही. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट एकदा परत तपासा.

समुद्रावरून आलात की चाकांवर गोडं पाणी मारा आणि लगेच दोन-तीन किलोमीटर फिरवून ब्रेक लावून ते वाळवा, ओली गाडी तशीच झाकून ठेवू नका. पावसाळ्यात जी उभीच राहणार आहे ती पंधरवड्यातून एकदा कोणालातरी वाडीच्या तोंडापर्यंत नेऊन आणायला सांगा. मी पॅड बदलताना दर वेळी डिस्कही काढतो, हब पुसतो, ग्रीसचा हात फिरवतो आणि परत बसवतो. वीस मिनिटं जास्त लागतात. माझ्या स्विफ्टची डिस्क गेल्या दोन्ही वेळा हाताने निघाली.